विद्यापीठाचे पत्र आणि विद्यार्थ्यांचे पत्र

सन १९५२ हे वर्ष भारतीय वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी भारत सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला; आणि त्याच वर्षी, तेव्हाच्या मध्यप्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात, अमेरिकेतील सिराक्यूस विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली यांनी फुलब्राइट योजनेखाली येऊन हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभा केला. लाहोर, मद्रास, कलकत्ता आणि म्हैसूर येथे या विषयाचे अध्यापन त्याआधी सुरू झाले होते. परंतु मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या सीमेवर वसलेल्या आणि दोहोंतील वृत्तपत्रांबरोबरच इंग्रजी दैनिकही वाचणाऱ्या या शहरात पत्रविद्येला महाविद्यालयाची जागा मिळावी, यात एक स्वाभाविक औचित्य होते. वूल्सली यांनी संपादित केलेला ‘जर्नालिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ १९५३ साली मुंबईहून प्रसिद्ध झाला, आणि पुढे विद्यापीठातही जनसंवादाचा स्वतंत्र विभाग नांदू लागला. मात्र पत्रविद्या शिकवली जाणे आणि विद्यार्थ्यांनी स्वतः पत्र चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसरीचा विचार आपल्याकडे फार थोडा झाला आहे. सार्वजनिक विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेले वृत्तपत्र म्हणजे काय, ते कसे निघते, त्याला कोणते अधिकार लागतात आणि त्याच्यावर कोणती बंधने असतात, हे सामान्य वाचकापुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली आणि सर बिपिनकृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू होते. विद्यापीठ जन्माला आले तेव्हा या शहरातील वृत्तपत्रे वयात आलेली होती. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे ‘हितवाद’ १९११ पासून इंग्रजीत निघत होते. गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून मराठी वाचकांच्या हाती पडत होते. आणि पुढे ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली ‘तरुण भारत’ने विदर्भातील वाचकांच्या एका पिढीचे मानस घडवले. त्या काळी ज्या तरुणाला पत्रकार व्हावयाचे असे, त्याने एखाद्या वृत्तपत्राच्या कचेरीत जावे, मुद्रिते तपासावी, तारा उलगडून त्यांच्या बातम्या कराव्या, वडीलधाऱ्या उपसंपादकाच्या हाताखाली बोलणी खात मथळा द्यावयास शिकावे, हीच रीत होती. महाविद्यालयाने हे शिक्षण वर्गात आणले, त्याला अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली. परंतु वृत्तपत्र काढण्याचे मर्म जे आहे, म्हणजे काय छापावे आणि काय छापू नये याचा निर्णय घेऊन त्या निर्णयाचा भार स्वतः वाहणे, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मावत नाही.

विद्यार्थी आणि नियतकालिक यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. परंतु त्यापूर्वीच, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपली सभा स्थापन केली होती, आणि तिच्याच मराठी शाखेच्या प्रयत्नांतून १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. डेक्कन कॉलेजात शिकत असताना ज्यांनी आपल्या भावी कार्याचे संकल्प केले, ते टिळक आणि आगरकर ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते, आजच्या हिशेबाने पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या वयाचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. गुरुजींच्या त्या हस्तलिखित पानांतून जिव्हाळा आणि संस्कार ओसंडत असत. पण लेखणी गुरूची होती आणि वाचक शिष्य होते. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र ते, ज्यात लेखणीही विद्यार्थ्याची आणि निवडही विद्यार्थ्याची.

या कसोटीवर आपल्या महाविद्यालयांतील प्रचलित प्रकार पारखून पाहिले पाहिजेत. पहिला प्रकार वार्षिकांकाचा. प्राचार्यांचे मनोगत, अहवाल, पारितोषिकविजेत्यांची छायाचित्रे, काही कविता, काही कथा आणि प्रवासवर्णने असे त्याचे ठरलेले रूप असते. मराठीतील कित्येक लेखक-कवींचे पहिले अक्षर अशाच अंकांतून छापले गेले, म्हणून त्याचा उपकार मानलाच पाहिजे. तथापि वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला बातमीचे काम करता येत नाही. दुसरा प्रकार भित्तिपत्रकाचा. जिन्याजवळच्या काचेच्या फलकात सुवाच्य अक्षरांत लावलेले, रंगीत चौकटींनी सजवलेले हे पत्रक बहुधा एखाद्या जयंतीच्या किंवा विशेष दिनाच्या निमित्ताने लागते आणि पुढच्या निमित्तापर्यंत तसेच राहते. तिसरा प्रकार पत्रकारितेच्या विभागांतून निघणाऱ्या प्रायोगिक पत्राचा, ज्याला विद्यार्थी ‘लॅब जर्नल’ म्हणतात. हा तिन्हींत वृत्तपत्राच्या सर्वांत जवळचा. येथे बातमीदार असतात, बीट वाटून दिलेले असतात, कॉपी तपासली जाते, पाने लावली जातात. मात्र हा अंक अभ्यासक्रमाचा भाग असल्याने त्याला गुण असतात. गुण देणारे प्राध्यापक असतात. आणि प्राध्यापकांच्या वर विभाग, विभागाच्या वर विद्यापीठाचा कारभार असतो. ज्या कारभाराविषयी लिहावयाचे, त्याच्याच मंजुरीने अंक निघणार असेल, तर पत्र कितीही नेटके असले तरी ते विद्यापीठाचे पत्र होते, विद्यार्थ्यांचे होत नाही.

हा भेद प्रत्यक्षात कसा उतरतो, हे एका उदाहरणाने पाहू. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली वेगळे झाल्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. समजा, गोंदियाकडील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीचा निकाल रखडला आहे. पुढील प्रवेशाची मुदत संपत आली म्हणून ती पहाटेची गाडी धरून सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास करून नागपुरास येते, खिडकीपुढे रांगेत उभी राहते, आणि ‘उद्या चौकशी करा’ एवढे उत्तर घेऊन परतते. शहरातील मोठी दैनिके ‘निकाल रखडले’ अशी बातमी देतात, कधी ठळक, कधी आतल्या पानावर. त्यांना चार जिल्ह्यांतील पाऊस, पीक, राजकारण आणि गुन्हे हे सारेच पाहावयाचे असते. तेथे विद्यार्थ्यांच्या पत्राचा बातमीदार काय करील?

तो प्रथम कायदा वाचील. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांच्या आत लावावा. मग तो प्रत्येक अभ्यासक्रमाचा शेवटचा पेपर कोणत्या तारखेस झाला आणि निकाल कोणत्या तारखेस लागला, याचा तक्ता करील. तारखा मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करील: एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक, आणि जन माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास प्रथम अपील. तक्ता हाती आल्यावर तो परीक्षा विभागाच्या संचालकांकडे जाऊन त्यांची बाजू विचारील. मूल्यमापनास किती परीक्षक हजर झाले, किती आले नाहीत, उत्तरपत्रिका कोठे अडकल्या, हे जर त्यांनी सांगितले, तर तेही तक्त्याच्या शेजारी तितक्याच ठळकपणे छापले जाईल. कारण दिरंगाईचे खापर ज्याच्या माथी फुटते त्याचाच नेहमी दोष असतो असे नाही, आणि न्याय मागणाऱ्याने न्याय देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

त्यानंतर येते पान लावण्याची संध्याकाळ. एक उपसंपादक मथळा सुचवतो, ‘निकालांत घोटाळा’. दुसरी विचारते, घोटाळ्याचा पुरावा काय? हाती आहेत त्या केवळ तारखा. तारखांवरून विलंब सिद्ध होतो, लबाडी सिद्ध होत नाही. वादावादी होते, मुद्रणालयातून तगादा येऊ लागतो, आणि अखेर मथळा लागतो तो असा की अमुक परीक्षेच्या निकालाला इतके दिवस लागले, कायद्याची मर्यादा इतकी. हा मथळा कमी भडक आहे आणि अधिक बोचक आहे, कारण त्याला उत्तर देता येत नाही. देता येते ती फक्त दुरुस्ती. त्या अर्ध्या तासात त्या दोन विद्यार्थ्यांनी सत्य आणि संशय यांमधील सीमारेषा जितकी स्पष्ट पाहिली, तितकी ती शंभर व्याख्यानांनी दिसली नसती. आणि ती दिसली याचे कारण एकच: निर्णय त्यांचा होता, आणि चूक झाली असती तर तीही त्यांच्याच नावावर पडली असती.

परीक्षेचा विषय मी मुद्दाम घेतला. नागपूर विद्यापीठातील गुणवाढ आणि बनावट गुणपत्रिकांचे प्रकरण १९९९ साली उघडकीस आले, तेव्हा त्याची झळ ज्यांनी रात्री जागून प्रामाणिकपणे अभ्यास केला होता अशा हजारो निरपराध पदवीधरांच्या प्रतिष्ठेला लागली. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार माहितीच्या कायद्याखाली मान्य केला. असे अधिकार कागदावर असतात. ते वापरावे कसे हे विद्यार्थ्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच वयाच्या कोणीतरी सांगावे लागते. विद्यार्थी परिषदेच्या बाबतीतही तेच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. आणि २०१९ साली व्हावयाच्या निवडणुका लांबणीवर टाकण्यात आल्या. प्रतिनिधित्वाचा मार्ग असा अडलेला असता, विद्यार्थ्यांचे म्हणणे अधिसभेच्या आणि व्यवस्थापन परिषदेच्या कानी पोचवणारे साधन म्हणून पत्राचे मोल अधिकच वाढते.

आता कायद्याच्या बाजूकडे वळू. आपल्या देशात वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व मुद्रणस्थळ छापलेले असते. ती ओळ १८६७ च्या कायद्याची देणगी आहे. त्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापन करावयाचे असे. त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला. ठरावीक काळाने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या देणाऱ्या पत्राला नोंदणी हवी. केवळ शास्त्रीय, तांत्रिक वा शैक्षणिक स्वरूपाची नियतकालिके त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणजे विद्यार्थ्यांनी खरोखरीचे बातमीपत्र काढावयाचे ठरवले तर कोणातरी सज्ञान व्यक्तीने प्रकाशक म्हणून आणि कोणीतरी संपादक म्हणून आपले नाव त्या ओळीत घातले पाहिजे. अब्रूनुकसानीचा कायदा विद्यार्थ्याला वयाची सवलत देत नाही. दुसऱ्या बाजूने, कायद्याने स्थापन झालेले सार्वजनिक विद्यापीठ हे संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदातील ‘राज्य’ या संज्ञेत येते, आणि म्हणून १९ व्या अनुच्छेदाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे बंधन त्याच्यावर आहे. खासगी संस्थेचा चालक आपल्या आवारात काय चालावे हे आपल्या मर्जीने ठरवू पाहील. सार्वजनिक विद्यापीठाच्या अधिकाऱ्याला मर्जी पुरत नाही, त्याला कायद्यातील कारण द्यावे लागते.

इतर देशांतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘डेली कॅलिफोर्नियन’ हे पत्र १८७१ पासून चालत आलेले. बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ साली, विद्यापीठाच्या मालकीच्या एका वादग्रस्त उद्यानभूमीसंबंधी त्याने जहाल अग्रलेख लिहिला, प्रशासनाने संपादकांना दूर करण्याचा प्रयत्न केला, आणि त्या संघर्षातून ते पत्र विद्यापीठापासून कायद्याने विभक्त होऊन स्वतःच्या संस्थेच्या मालकीचे झाले. वूल्सली ज्या सिराक्यूस विद्यापीठातून नागपुरास आले, तेथील १९०३ साली निघालेले ‘डेली ऑरेंज’ हेही १९७१ मध्येच स्वतंत्र झाले. या स्वातंत्र्याची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागली: कागद, छपाई, जागेचे भाडे हा सारा खर्च जाहिरातींतून उभा करणे आले. जाहिराती आटू लागल्या तेव्हा २०१२ साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी मतदान करून प्रत्येकाने दर सत्राला दोन डॉलर आपल्या पत्रासाठी द्यावे असा निर्णय घेतला. पैसा विद्यार्थ्यांचा, निर्णय विद्यार्थ्यांचा, आणि विद्यापीठाने तो केवळ शुल्काबरोबर गोळा करून द्यावयाचा. या व्यवस्थेत पत्र कोणाचेही मिंधे राहत नाही.

भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २००७ साली ‘डीयू बीट’ सुरू केले. खरगपूरच्या आयआयटीत ‘द स्कॉलर्स अॅव्हेन्यू’ आहे, मुंबईच्या आयआयटीत ‘इनसाइट’ आहे. ही पत्रे इंग्रजीत चालतात. परंतु ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी तुमसर, आर्वी, देवरी, उमरेड अशा गावांतून येतो, जो घरी झाडीबोली किंवा वऱ्हाडी बोलतो, वर्गात प्रमाण मराठी ऐकतो आणि नोकरीच्या जाहिराती इंग्रजीत वाचतो, त्याचे पत्र मराठीतच असले पाहिजे. जोडीला हिंदी आणि इंग्रजीची पाने असावी, कारण नागपूरचा तो वारसा आहे. परिपत्रकाच्या भाषेत दडलेला अर्थ सुबोध मराठीत उलगडून सांगणे, एवढे एक काम जरी अशा पत्राने केले, तरी चार जिल्ह्यांतील कित्येकांच्या नागपुरास होणाऱ्या खेपा वाचतील.

या कल्पनेविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, विद्यार्थी अननुभवी असतात, चुका करतील. हे खरे आहे, आणि म्हणूनच प्राध्यापकांचा सल्ला त्यांना हवा. परंतु सल्लागार आणि परवानगी देणारा अधिकारी यांत महदंतर आहे. सल्लागाराने अंक निघण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, अंक निघाल्यानंतर त्यातील दोष निर्भीडपणे दाखवावे, मात्र पान अडवू नये. दुसरा आक्षेप असा की विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात, मग पत्र टिकावे कसे? त्यावर उपाय परंपरेचा आहे: जाणाऱ्या संपादकाने येणाऱ्याला एक सत्र जोडीला घ्यावे, लेखनसंहिता आणि हिशेबाचे दप्तर सोपवून जावे, आणि माजी विद्यार्थी, पत्रकार व कायदा जाणणारे यांचे एक विश्वस्त मंडळ कारभाराच्या सातत्यासाठी असावे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: पत्र एखाद्या पक्षाच्या किंवा संघटनेच्या हाती जाईल. हा धोका आहेच. म्हणून संपादकाची निवड लेखनाच्या कसोटीवर व्हावी, कोणत्याही संघटनेच्या पदाधिकाऱ्याने त्या काळात संपादकपद घेऊ नये, जमाखर्च प्रत्येक सत्राच्या शेवटी छापावा, आणि चुकीची दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर प्रसिद्ध करावी. हे नियम कठीण नाहीत. ते पाळण्याची सवय लावणे हेच या पत्राचे शिक्षण आहे.

विद्यापीठे लोकांच्या पैशावर चालतात. त्यांचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, अहवाल छापले जातात, ठराव होतात. पण विद्यापीठाचा कारभार ज्यांच्यासाठी आहे, त्यांनी तो वाचावा, समजून घ्यावा आणि त्याविषयी सभ्यपणे व पुराव्यानिशी बोलावे, अशी सोय असल्याखेरीज तो कारभार खऱ्या अर्थाने सार्वजनिक होत नाही. नागपूर विद्यापीठाने २०२३ साली शंभर वर्षे पूर्ण केली, आणि या शहरातील पत्रविद्येच्या अध्यापनालाही सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. येथे शिक्षकांना अनुभव आहे, शहरात मुद्रणालये आहेत, दैनिकांतून काम केलेली जाणती माणसे आहेत, आणि चार जिल्ह्यांतून येणारे, सांगण्यासारखे पुष्कळ असलेले विद्यार्थी आहेत. अधिकारी मंडळाने अशा पत्राला एक सनद लिहून द्यावी, जिच्यात संपादकीय निर्णय विद्यार्थ्यांचा राहील आणि छापण्यापूर्वी पाने तपासणीसाठी मागवली जाणार नाहीत, एवढ्या दोन गोष्टींची निःसंदिग्ध हमी असावी. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी द्यावी, पालकांनी आपल्या मुलांना यात पडण्यापासून परावृत्त करू नये, आणि विद्यार्थ्यांनी त्या बारीक अक्षरांच्या ओळीत आपले नाव घालण्याचे धैर्य दाखवावे. पत्रविद्या शिकवणाऱ्या नगरीने आपल्या विद्यार्थ्यांवर एवढा विश्वास टाकलाच पाहिजे.